मोटार जळली की पैसे, चालली की काही नाही

पत्र :

ताई, नमस्कार.

मी सांगोला तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं, दुकान चालवतो. वय 41. आयटीआयला वायरमन केलं, चाकणला एका कंपनीत कंत्राटावर सात वर्षं काढली आणि 2015 मध्ये गावाकडं येऊन स्वतःचं दुकान टाकलं. धंदा बरा आहे. मार्च ते मे तर जेवायला फुरसत नसते. पाच एचपीची पाणबुडी मोटार भरायचे पाच हजारांच्या आसपास घेतो. काम चोख करतो, तार कधी हलकी वापरली नाही. घर बांधलं, पोरं चांगल्या शाळेत आहेत.

तरी गेलं वर्षभर मन लागत नाही. दुकानात मोटार उतरवणारा प्रत्येक माणूस तोंड पाडून येतो. त्याची बाग वाळत असते, पैसे कुणाकडून तरी उसने आणलेले असतात. मी ते मोजून घेतो. चार महिन्यांनी तोच माणूस तीच मोटार घेऊन परत दारात. म्हणजे लोकांचं नुकसान झालं तर माझं घर चालणार. माझा एक वर्गमित्र पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेत आहे. कमाई माझ्या निम्मी असेल, पण गावोगाव त्याला मान आहे. माझी आठवण फक्त मोटार जळल्यावर. समाधान मिळावं म्हणून एक-दोघांचे पैसे सोडून बघितले, तर त्यातला एक पुढच्या वेळी सरळ दुसऱ्या दुकानात गेला. बायको म्हणते, तुम्हाला सुख टोचतंय. त्यात आता सगळीकडं सौर पंप येतायत. दुकान बंद करून संस्थेत जावं, परत नोकरी धरावी, का आहे तेच रेटत राहावं?

उत्तर :

नमस्कार दादा,

डॉक्टरांचं पोटसुद्धा आजारपणावरच चालतं की, असं सांगून तुमची बोळवण करता आली असती. तसं करणार नाही. तुम्हाला जे टोचतंय ते खरं आहे आणि नेमक्या जागी टोचतंय. तुमच्या हातात पैसे कधी पडतात बघा. मोटार जळली की. तुम्ही भरलेली मोटार तीन वर्षं तक्रार न करता चालली, तर त्याचा तुम्हाला एक रुपया मिळत नाही, उलट एक गिऱ्हाईक तीन वर्षं फिरकत नाही. काम जितकं चांगलं तितकी पुढची कमाई कमी, अशा हिशेबात रोज बसणाऱ्या प्रामाणिक माणसाला कधी ना कधी कसंनुसं होणारच. म्हणून मला वाटतं, दुरुस्ती मनाची करायची नाही, हिशेबाची करायची आहे.

तुमचं पत्र आल्यावर मी आमच्या भागातल्या एका जुन्या रिवाइंडरकडे जाऊन बसले. माहेरी विहिरीवर मोटार असल्यामुळे ती जळल्यावर घरावर काय कळा येते ते मी लहानपणापासून पाहिलंय, पण जळालेली मोटार आतून कधी बघितली नव्हती. त्यांनी एक स्टेटर, म्हणजे मोटारीतला तारेच्या गुंडाळ्यांचा न फिरणारा भाग, माझ्यासमोर धरला. तीन फेजच्या गुंडाळ्यांपैकी दोन कोळशासारख्या काळ्या, आणि तिसरी तशीच, नवी असावी अशी. ही एक फेज गेल्यावर चालत राहिलेली मोटार, त्यांनी न विचारता सांगितलं. दुसऱ्या स्टेटरमध्ये तिन्ही फेज सारख्याच करपलेल्या होत्या. तिच्यावर बोजा जास्त आला किंवा व्होल्टेज फार कमी मिळालं, नाहीतर पंपच जाम झाला होता. तिसऱ्यात एकाच जागी ठिपक्याएवढं जळालेलं, बाकी तार शाबूत. तिथं इन्सुलेशन फाटलं होतं.

हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही रोज बघता. पण एक विचारते. हे वाचन तुम्ही कुणाला सांगता का? मोटार का जळली हे सगळ्या तालुक्यात तुमच्याइतकं स्पष्ट कुणालाच दिसत नाही. शेतकऱ्याला दिसत नाही, कारण त्याच्यासाठी मोटार म्हणजे बोअरमध्ये सोडलेली एक बंद नळी. वायरमनला दिसत नाही, तो खांबापर्यंतच येतो. तुम्ही ती उघडता, कारण तुमच्या डोळ्यांसमोर असतं, तुम्ही ते काळं तांबं उपसून भंगारात टाकता, नवी तार भरता, मेगर लावून इन्सुलेशन बघता आणि मोटार परत देता. कारण भंगारासोबत जातं. मोटार जाते त्याच स्टार्टरवर, त्याच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर), आणि चार महिन्यांनी परत येते. तुमच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही गिऱ्हाइकाला देतच नाही. तुमच्या मनातला रितेपणा मला तिथला दिसतो.

उद्यापासून एवढंच करा. बिलावर एक ओळ जास्त लिहा : मोटार कशानं जळली. ‘एक फेज गेली असताना चालली.’ ‘पाणी उतरलं असताना कोरडी चालली.’ ‘जादा करंटला मोटार बंद करणारा रिले बायपास केलेला.’ तुम्हाला जे दिसलं ते, मराठीत, त्याला कळेल असं. आणि त्याखाली दुसरी ओळ : आता काय करा. याचे पैसे लावू नका. यानं तुमचाही एक फायदा होईल. मोटार परत जळाली की ‘तुझं भरणंच कच्चं’ हे ऐकावं लागतं ना? मागचं कारण लिहिलेलं असेल तर भांडण तिथंच मिटतं, आणि भरण्यात खरंच कसूर असेल तर तुम्ही फुकट भरून द्याल हेही त्याच कागदावर लिहिता येतं.

आता शेतकऱ्याच्या बाजूनं थोडं. तुम्ही म्हणाल, ताई, सांगून ऐकतंय कोण, एक फेज गेली की मोटार थांबवणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून दिला तरी आठ दिवसांत काढून टाकतात. काढतात, मला माहीत आहे. का काढतात ते बघा. त्याच्या वाट्याची लाईट आठवडा बदलला की रात्रीची येते. रात्री बाराला उठून काट्याकुट्यातून, साप-विंचवातून मोटार चालू करायला जायचं, की लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो लावून झोपायचं? तुम्ही-मी असतो तर आपणही ऑटोच लावला असता. मग लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदमच सुरू होतात, व्होल्टेज पडतं, कुठंतरी फ्युज उडतो, एक फेज जाते. वीज असेतो स्टार्टर धरून ठेवणारी त्याची नो-व्होल्ट कॉइल उरलेल्या दोन फेजवर असली तर स्टार्टर पडतच नाही. मोटार दोन फेजवर ओढत राहते, त्या दोन फेजमधला करंट जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि सकाळपर्यंत काम तमाम. शेतकरी अडाणी म्हणून हे होत नाही. त्याच्या झोपेची किंमत आहे ती. तुमचा सल्ला त्याच्या रात्रीची सोय करणारा असेल तरच टिकेल. मोबाईल स्टार्टर बसवून घरबसल्या मोटार चालू-बंद करता आली, फेज गेली किंवा पाणी तुटलं तर ती आपोआप थांबली आणि फोनवर कळलं, तर तो माणूस ते यंत्र कशाला काढून टाकेल? ते विकण्यात चार पैसे तुम्हालाही सुटतील, त्यात लाज वाटून घेऊ नका.

यापुढं जाऊन एक मोठं काम तुमच्या हातात आहे, आणि ते करायला तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. वही काढून बघा, गेल्या दोन उन्हाळ्यांत कुठल्या डीपीवरच्या मोटारी सगळ्यात जास्त आल्या. मला खात्री आहे की दोन-तीन डीपी ठळक निघतील. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा. पण एकट्यानं कपॅसिटर बसवून त्याला फारसा गुण येत नाही, डीपीवरच्या बहुतेकांनी बसवला तर लाईनवरचा भार हलका होतो, व्होल्टेज सुधारतं, डीपीही जळत नाही. कंपनीचा फलक हे जमवू शकत नाही. तुम्ही जमवू शकता, कारण त्या डीपीवरच्या प्रत्येकाची मोटार तुम्ही आतून बघितलेली आहे. एका डीपीवरच्या मंडळींना दिवाळीनंतर, कामं जरा सैल असताना, एखाद्याच्या वस्तीवर बोलवा. सोबत एक जळका स्टेटर न्या. भाषण नको. कुणाची मोटार किती वेळा जळली, प्रत्येक वेळी भरणावळ, मोटार वर काढायची मजुरी, गाडीभाडं आणि बागेचं नुकसान धरून किती गेले, एवढं त्यांनाच मांडू द्या.

बागेचं नुकसान मुद्दाम म्हटलं. तुमच्याकडं डाळिंब आहे. त्याच्या आंबे बहाराची (हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या हंगामाची) फळं नेमकी उन्हाळ्यात फुगत असतात, आणि चार दिवस पाणी तुटून पाचव्या दिवशी भरपूर मिळालं की फळ तडकतं. तडकलेल्या फळाला बाजार नाही. मोटारीचे पाच हजार हा त्या माणसाच्या नुकसानीतला लहान आकडा असतो. तुमच्या मनावर त्या पाच हजारांचं ओझं आहे, आणि तुम्ही वाचवू शकता ते त्याच्या कितीतरी पट आहे.

मग पैशाचं काय? इथं मला आपल्या गावगाड्यातली एक जुनी रीत आठवते. सुतार-लोहार नांगर मोडला की तेवढ्यापुरतं बिल करत नसत. शेतकऱ्याची औतं वर्षभर चालती ठेवायची आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा घ्यायचा. त्या व्यवस्थेला जातीची बेडी होती, उपेक्षा होती, ती मोडली हे उत्तमच झालं. पण कारागिराची कमाई औत मोडण्यावर नव्हे, चालण्यावर ठरायची, एवढा एक भाग शहाणपणाचा होता, आणि तो बेडीशिवाय घेता येतो.

मोटारीची वार्षिक देखभाल सुरू करा. हंगामाआधी एक फेरी आणि भर उन्हाळ्यात एक. करंट मोजायचा, तो प्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघायचा, रिले त्याप्रमाणे लावायचा, स्टार्टरचे पॉइंट साफ करायचे, केबलचे जोड, अर्थिंग, कपॅसिटर बघायचा, वरूनच मेगर लावून इन्सुलेशन तपासायचं. समजा याचे वर्षाला मोटारीमागं 1,200 रुपये घेतले आणि पहिल्या वर्षी 40 मोटारी मिळाल्या, तर 48,000 झाले. दुकानाच्या उलाढालीत हा आकडा डोळ्यांत भरणारा नाही, मान्य. पण हे पैसे मोटार चालल्याचे आहेत. देखभालीतली मोटार तरीही जळाली तर भरणावळीत सवलत द्या, म्हणजे ती न जळण्यात तुमचाही पैसा अडकेल. आकडे तुम्ही तुमच्या हिशेबानं बदला, पेट्रोल आणि दिवस मोडतो तो धरून. फुकट मात्र करू नका.

अडचणी येतील. जे घडलं नाही त्याचे पैसे द्यायला माणूस कचरतो, तुम्ही आणि मीसुद्धा. म्हणून सगळ्यांच्या मागं लागू नका. सुरुवात त्यांच्यापासून करा ज्यांचं चार दिवसांत लाखाचं नुकसान होतं, म्हणजे बहार धरलेले बागायतदार आणि रोपवाटिकावाले. दुसऱ्या बाजूला, तुमच्याकडं येणाऱ्या जळक्या मोटारी खरंच कमी होतील. होऊ देत. पण सगळ्या तालुक्याच्या मोटारी तुम्ही एकटे वाचवू शकणार नाही, त्यामुळं भरायचं काम बंद पडेल ही भीती मला खरी वाटत नाही. शेजारचा दुकानवाला ‘हा धंदा बिघडवतोय’ म्हणेल. त्याच्याशी वैर धरू नका, दोन वर्षांनी तोही फेऱ्या सुरू करेल.

सौर पंपांचं म्हणाल तर भीती बाळगण्यापेक्षा शिकून घ्या. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्केच भरावे लागतात, त्यामुळं हे पंप वाढत जाणार. सुरुवातीची काही वर्षं त्यांची देखभाल पुरवठादाराकडं असते. ती मुदत संपल्यावर त्या शेतकऱ्याला जवळचा माणूस लागणारच. कंट्रोलर, पॅनेलची जोडणी, त्या मोटारी, यातलं आत्तापासून हात घालून शिकलात तर पुढची दहा वर्षं तुमची आहेत. दुसऱ्याला उपयोगी पडायचं तर त्याची गरज बदलली की आपला हातही बदलावा लागतो.

आता तुमचा मित्र. त्याच्या कामाबद्दल मला आदर आहे, आणि त्याला मिळणारा मानही रास्त आहे. पण पाणलोटानं जिरवलेलं पाणी झाडाच्या मुळाशी नेतं कोण? बोअरमधल्या मोटारी, ज्या तुम्ही भरल्यात. तुमच्या दोघांत फरक असा आहे की तो आपल्या कामाचा शेवट बघतो. बंधारा भरलेला बघतो, लोकांचे चेहरे बघतो. तुमचं काम दुकानाच्या पायरीवर संपतं. माणूस पडलेल्या तोंडानं येतो ते तुम्ही बघता, आणि मोटार बोअरमध्ये उतरल्यावर ठिबकच्या शेवटच्या नळीपर्यंत पाणी पोचतं तेव्हा त्याचं तोंड कसं होतं ते तुम्ही कधी बघितलंच नाही. वर्षभर फक्त दुःखाची बाजू बघितली तर कुणाचंही मन विटेल. फेऱ्यांमुळं तुम्ही मळ्यापर्यंत जाल. माझ्या मते 1,200 रुपयांपेक्षा ही मोठी कमाई आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत : दुकान बंद करू नका. संस्थेत गेलात तर तिथं तुम्ही नवखे असाल आणि तालुक्यातून एक चोख कारागीर कमी होईल. नोकरीबद्दल तर पत्रात एक वाक्यही ओढीचं नाही, सात वर्षांचं एकसुद्धा चांगलं स्मरण तुम्ही लिहिलेलं नाही. तो रस्ता तुम्ही स्वतःच सोडलेला आहे, फक्त पत्रात पर्याय म्हणून टाकलाय.

एक वेगळी गोष्ट विचारते, राग मानू नका. मन लागत नाही ते फक्त दुकानात, की घरीही? झोप लागते का? पोरांसोबत बसल्यावर बरं वाटतं का? जेवणावरची वासना, सणावाराचा उत्साह हेही गेलं असेल, तर बिलावरच्या ओळींनी ते भरून येणार नाही. तेव्हा डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हे दोन्ही एकदम असू शकतं, आणि दोन्हींवर एकाच वेळी उपाय करता येतो.

राहिलं पैसे सोडण्याचं. ते थांबवा. ज्याचे पैसे तुम्ही सोडलेत तो दुसऱ्या दुकानात गेला, त्याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. तुमच्याकडं आलं की उपकाराखाली मान खाली घालावी लागते, दुसरीकडं रोख देऊन ताठ उभं राहता येतं. अडचणीतल्या माणसाला मुदत हवी असते. तांब्याचे पैसे तुम्हाला रोख मोजावे लागतात, तेवढे आधी घ्या. मजुरी माल निघाल्यावर, तारीख ठरवून, दोघांच्या सह्यांनिशी. आणि एखाद्याची बाग तेल्या रोगानं गेलीच असेल, काहीच निघणार नसेल, तर मजुरी जरूर सोडा, पण ती माफ म्हणून वहीत मांडा आणि वर्षाला अशी किती सोडायची ते वहिनींसोबत बसून आधीच ठरवा. ती वहीसुद्धा त्यांच्याकडंच द्या. गिऱ्हाइकाचं नाव, डीपी, मोटार कशानं जळली, काय सांगितलं, पुन्हा कधी आली, इतके रकाने पुरे. पहिल्या डीपीची बैठक ठरवायला त्या वहीचीच गरज पडणार आहे.

तुमची,
ताई